चवीला वाद असतो का? घरी केलेल्या बिअरच्या निमित्ताने



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी कपाळाला आठ्या घातल्या असणार. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं बिअरवर कशाला बोलावं? पण आपला खरा प्रश्न जुना आहे आणि तत्त्वज्ञानातलाच आहे. चव ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, की चवीच्या बाबतीत कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक असं म्हणता येतं? या प्रश्नाची तपासणी करायला घरी बिअर करण्याचं किट हे एक नामी साधन आहे, असं आमचं मत आहे. ते का, ते पुढे पाहू.

आधी कायद्याचं सांगून टाकू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे इथे बसून कुणी हा उद्योग करू नये. हा छंद आहे तो ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतला. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायलाही परवाना लागत असे. १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८च्या ऑक्टोबरात सही केली आणि १९७९च्या फेब्रुवारीपासून घरगुती बिअर केंद्रीय कायद्याने करमुक्त झाली. विकायची मात्र नाही, घरच्यापुरतीच. तिकडे आपली बरीच मराठी मंडळी आहेत, त्यातली काही आज ऐकतही असतील. त्यांच्यासाठी हे थेट उपयोगाचं, बाकीच्यांसाठी विचाराचं.

डब्यात असतं काय?

बिअर म्हणजे मूलतः चार गोष्टी: पाणी, मोड आणलेले जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. जवाचंही तसंच. मोड आले की दाण्यातली विकरं जागी होतात, आणि असे दाणे गरम पाण्यात भिजवून ठेवले की ती पिष्टाची साखर करतात. हा गोड रस गाळून, हॉप्स घालून उकळतात. मग यीस्ट त्यातली साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

गंमत बघा, बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेचा जो प्रसिद्ध हुकूम निघाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्याच गोष्टी आहेत. यीस्टचा उल्लेखच नाही. यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि किण्वन त्याच्यामुळे होतं, हे पक्कं व्हायला लुई पाश्चर यांचं काम यावं लागलं. बिअरवरचा त्यांचा ग्रंथ १८७६चा. पुढे १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तोवर बिअरवाले यीस्ट एका खेपेतून दुसऱ्या खेपेत घालत, अगदी आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो तसं. विरजणात काय असतं हे माहीत नसतानाही आपल्या आज्यांनी उत्तम दही लावलंच की!

किटमध्ये होतं असं, की जव भिजवणं, रस काढणं, हॉप्स घालून उकळणं ही कामं कारखान्यात झालेली असतात. त्या रसातलं पाणी उडवून काकवीसारखा घट्ट पाक करतात आणि डब्यात भरतात. ॲडलेडच्या कूपर्सचा डबा १.७ किलोचा असतो, झाकणाखाली यीस्टची पुडी. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर किंवा माल्टची पूड घालायची, गार पाणी ओतून २३ लिटर करायचं, आणि तपमान विशीच्या आसपास आलं की यीस्ट टाकायचं. साधारण आठवडाभर ते काम करतं. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी त्यात तरंगत ठेवली की रसाची घनता कळते. सुरुवातीला १.०४० असेल आणि शेवटी १.०१० आली, तर फरक ०.०३०, त्याला १३१ने गुणलं की अल्कोहोल आलं, सुमारे ३.९ टक्के. आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, म्हणजे यीस्ट थांबलं. मग बाटल्यांत लिटरला सहा ते आठ ग्रॅम साखर घालून झाकणं लावायची. त्या साखरेवर यीस्ट पुन्हा थोडं चालतं आणि बाटलीत फेस येतो. दोन-तीन आठवडे थांबायचं. झालं.

किटची खरी किंमत

आता जाणकार मंडळी नाक मुरडतात. डबा फोडून पाणी ओतलं, यात तुम्ही काय केलंत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच आपला आजचा मुद्दा आहे.

पाककृती कारखान्याने ठरवलेली असते, म्हणून तुमच्या हातात चारच गोष्टी उरतात: पाणी, स्वच्छता, तपमान आणि धीर. समजा बिअर बिघडली, तर शंभर कारणं शोधावी लागत नाहीत. डबा फार जुना नसेल, तर गुन्हेगार या चौघांपैकीच एक. ज्याला आपण प्रयोग म्हणतो त्याची ही पहिली अट आहे, बहुतेक गोष्टी स्थिर ठेवा आणि एकच बदला. सगळं स्वतः करणाऱ्या कसबी माणसाला हे अवघड जातं, कारण त्याच्याकडे बदलणाऱ्या गोष्टीच फार. किटवाल्याला ते आयतं मिळतं.

आणि म्हणून त्याची जीभ शिकू शकते. जिभेनं एक निवाडा दिला की त्याला तो पडताळून पाहता येतो.

काही उदाहरणं घेऊ. बिअरला हिरव्या सफरचंदाचा वास आला, तर ते ॲसिटाल्डिहाइड. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत बाटल्या भरल्या, म्हणजे धीर कमी पडला. दवाखान्यासारखा, जंतुनाशकाचा वास आला, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा भांडं धुतलेलं ब्लीच. क्लोरीन फिनॉलांशी संयोग पावतं आणि त्याचा अगदी सूक्ष्म अंशही नाकाला कळतो. पाणी उकळून निववलं तर क्लोरीन जातं. क्लोरामाइन तसं जात नाही, त्यासाठी मेटाबायसल्फाइटची गोळी वापरतात. व्हिनेगरसारखा आंबूसपणा आला, तर स्वच्छतेत कसूर. रंगाच्या थिनरसारखा उग्र, घशाला गरम लागणारा वास आला, तर बहुधा तपमान चढलं होतं. ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळट चव आली, तर बाटली भरताना हवा मिसळली किंवा बिअर जुनी झाली. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात राहिली, तर हॉप्समधल्या कडू द्रव्यातून एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं आणि बिअरला घाण वास मारतो. तपकिरी बाटल्या उगाच नसतात.

१९७०च्या दशकात मॉर्टन माइलगार्ड यांनी या सगळ्या वासाचवींचं एक चक्र तयार केलं आणि जगभरचे बिअरवाले ते वापरू लागले. हेतू हा, की एकानं जे म्हटलं ते दुसऱ्याला त्याच अर्थानं कळावं. शब्द नसेल तर चव निसटून जाते. आणि शब्दांच्या बाबतीत मराठी माणसानं कमीपणा घ्यायचं कारण नाही. खवट, कुबट, उबट, करपट, आंबूस, तुरट, कडसर, ओशट, पानचट, मचूळ, मिळमिळीत, खमंग! खवट म्हटलं की जुनं खोबरं डोळ्यापुढे येतं, उबट म्हटलं की रात्रीचं झाकून ठेवलेलं अन्न. हे नुसते नावडीचे शब्द नाहीत. प्रत्येक शब्दात कारण दडलेलं आहे. घरातली म्हातारी माणसं आमटीचा नुसता वास घेऊन 'उतू जाऊन करपली वाटतं' म्हणत, तेव्हा ती निदान करत असत.

ह्यूमचं पिंप आणि कांटचा आक्षेप

डेव्हिड ह्यूम यांचा अभिरुचीवरचा निबंध १७५७चा. त्यात त्यांनी 'डॉन किहोते' कादंबरीतली एक गोष्ट घेतली आहे. सांको पान्साच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची येते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडते, चामड्याची वादी बांधलेली!

ह्यूम यांना सांगायचं आहे ते असं, की गोड-कडू हे पदार्थात नसून मनात उमटतं हे खरं. पण ते उमटवणारं काहीतरी पदार्थात असतंच, आणि ते टिपण्याची शक्ती काहींकडे अधिक असते. ती सरावानं, तुलनेनं आणि पूर्वग्रह बाजूला ठेवून वाढते. अडचण एवढीच, की बहुतेक वेळा पिंप रिकामं करून किल्ली दाखवता येत नाही. चित्राच्या बाबतीत, कवितेच्या बाबतीत कुठली किल्ली दाखवणार? किटवर बिअर करणाऱ्याला मात्र दाखवता येते. त्याच्या वहीत तारीख आहे, तपमान आहे, घनता आहे. जीभ म्हणाली 'हे तापलं होतं', तर वही उघडायची.

उलट बाजूला कांट. १७९०च्या ग्रंथात ते म्हणतात, की एखादी वाइन सुखद आहे असं कुणी म्हटलं तर त्यानं 'मला सुखद आहे' अशी दुरुस्ती आनंदानं करून घ्यावी. जिभेच्या सुखात दुसऱ्याच्या संमतीचा हक्क आपल्याला सांगता येत नाही. सौंदर्याचं वेगळं, तिथे आपण सगळ्यांच्या संमतीची अपेक्षा धरतो. म्हणजे कांट यांच्या हिशेबानं आपला आजचा विषय 'ज्याचं त्याला' या खात्यात गेला.

आम्हाला वाटतं, दोघांचंही बरोबर आहे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत. चाखताना आपण एका दमात चार प्रश्न विचारतो आणि घोटाळा करतो. पहिला, मला काय जाणवतंय? दुसरा, ते कशामुळे आलं? तिसरा, या प्रकारच्या पेयात ते असावं का? आणि चौथा, मला ते आवडलं का? यातला चौथा खासगी आहे. तिथे कांट यांचं म्हणणं मान्य. पहिल्या तिघांत मात्र चूक होऊ शकते, दुसरा आपल्याला दुरुस्त करू शकतो, आणि म्हणून तिथे शिकणं शक्य आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं एक उदाहरण देतो. डायअसिटाइल नावाचं एक द्रव्य आहे. ताज्या लोण्याचा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, तो बराचसा याचा. हेच द्रव्य बिअर आंबतानाही तयार होतं. यीस्टला आणखी दोन-तीन दिवस दिले तर ते पुन्हा शोषून घेतं. घाई केली तर उरतं. जर्मन पद्धतीच्या लागरमध्ये तो दोष मानतात. काही झेक लागरमध्ये आणि इंग्लिश एलमध्ये थोडासा चालवून घेतात. द्रव्य एकच, जीभही एकच. परंपरेप्रमाणे निवाडा बदलतो. पण म्हणून निवाडा मनमानी होत नाही. लोण्यात तो गुण आहे हे जितकं पक्कं, तितकंच म्युनिकच्या लागरमध्ये तो दोष आहे हेही पक्कं.

सासरे, जावई आणि तीन पेले

शिकण्याच्या आड सगळ्यात जास्त येतं ते सौजन्य. ॲडलेडला आम्ही लेकीकडे काही महिने राहिलो होतो. आमचे जावई किटवर बिअर करतात. घरी आलेला प्रत्येक पाहुणा 'मस्त झालीय हं' म्हणायचा. सासऱ्यानं तर तेच म्हणायचं असतं! पण अशा स्तुतीनं माणूस दोन वर्षं जिथल्या तिथे राहतो. आणि स्वतःचं स्वतःला कळत नाही, कारण आपण केलेल्या गोष्टीत आपले श्रमही आपल्याला चविष्ट लागतात.

यावर एक उपाय आहे. कार्ल्सबर्गच्याच मंडळींनी १९४०च्या दशकात चाखणाऱ्यांची पारख करण्यासाठी तो रूढ केला. तीन पेले द्यायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं. आवडली का, हा प्रश्नच विचारायचा नाही. त्यामुळे कुणाला वाईट वाटायचंही कारण नाही.

जावयांनी एकाच प्रकारच्या दोन डब्यांच्या दोन खेपा केल्या. पाणी तेच, साखर तीच. एक खेप घरात, पिंपाला ओला टॉवेल गुंडाळून आणि समोर पंखा लावून, म्हणजे आपल्या माठाच्याच तत्त्वावर, विशीच्या आत ठेवली. दुसरी मागच्या शेडमध्ये, जिथे पारा अठ्ठावीसपर्यंत गेला. महिन्यानं शेजारपाजारचे धरून आम्ही सहा जण बसलो. लेकीनं अपारदर्शक पेल्यांत घोटघोट ओतलं आणि पेल्यांवर आकडे टाकले. कुठला पेला कुठल्या खेपेचा, हे फक्त तिला ठाऊक.

सहांपैकी चौघांनी वेगळा पेला ओळखला. छान वाटतं ना? पण हिशेब करा. नुसत्या अंदाजानंही तिघांत एक बरोबर येतो. सहांत चार किंवा जास्त बरोबर यायची शक्यता दहा टक्के निघते. दहा टक्के म्हणजे नशिबाला बरीच जागा झाली. म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा केलं. या वेळी पाच. दोन्ही मिळून बारांत नऊ, आणि हे केवळ नशिबानं यायची शक्यता हजारात चारच्या आसपास. आता बोलता येतं. दोन खेपांत फरक आहे, आणि तो जिभेला कळतो.

या हिशेबाचं आणि बिअरचं नातंही जुनं आहे बरं का. संख्याशास्त्र शिकणारे 'स्टुडंट'ची टी-चाचणी शिकतात. तो 'स्टुडंट' म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला माणूस. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासानं बोलता येईल, हा त्याचा कारखान्यातला रोजचा प्रश्न होता. १९०८ साली त्यानं तो टोपणनावानं मांडला.

पुढची गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. ओळखणाऱ्यांपैकी दोघांना शेडमधली, तापलेली बिअरच अधिक आवडली! 'फळासारखा वास येतो,' म्हणाले. आता यात चूक काय? काहीच नाही. फरक जाणवला, तोही बरोबर. कारण कळलं, तेही बरोबर. आवड मात्र त्यांची. जावयांनी वहीत दोन्ही लिहून ठेवलं. 'छान झालीय' या दोन वर्षांच्या शब्दांतून जे मिळालं नव्हतं, ते त्यांना तीन पेल्यांतून मिळालं.

आपल्या परंपरेत आस्वादाला केवढी प्रतिष्ठा आहे, ते इथे आठवतं. भरतमुनींनी नाट्यातला रस समजावताना दाखला दिला तो जेवणाचा: नाना व्यंजनांनी संस्कारलेलं अन्न चाखणारा जसा रस घेतो, तसा प्रेक्षक. 'रसिक' हा शब्द आपण गाण्याला वापरतो, पण तो निघाला जिभेवरून. आणि रसिक जन्मतःच तयार असतो असं आपण कधी म्हटलेलं नाही. कान तयार करावा लागतो, तशी जीभही.

श्रोत्यांचे प्रश्न

*घरी केलेली बिअर विषारी होऊ शकते का? दारूकांडाच्या बातम्या आपण वाचतो.*

त्या बातम्यांतली दारू बहुतेक वेळा मिथेनॉल मिसळल्यामुळे विषारी झालेली असते. किटच्या बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नाही, आणि हॉप्स, आम्लता व अल्कोहोल यांमुळे घातक जंतूही सहसा वाढत नाहीत. तिथला खरा धोका वेगळाच. साखर शिल्लक असताना घाईनं बाटल्या भरल्या, तर आतला दाब वाढून काच फुटते. म्हणून हायड्रोमीटर. आणि घरी ऊर्ध्वपातन करायच्या भानगडीत तर कुठेच पडू नये. ब्रिटन आणि अमेरिकेतही ते परवान्याशिवाय बेकायदा आहे.

*किटवर 'लागर' लिहिलेलं असतं. ती खरी लागर असते का?*

बऱ्याच किटांत लागरच्या नावाखाली एलचं यीस्ट दिलेलं असतं, कारण ते घरातल्या तपमानाला निभावून नेतं. लागरच्या यीस्टला दहा-बारा अंश लागतात आणि नंतर थंडीत मुरायला कित्येक आठवडे. त्यामुळे चाखताना तिसरा प्रश्न विचारायचा असेल, तर पुडीत कोणतं यीस्ट आहे ते आधी वाचा. नाहीतर एलला लागरच्या मापानं मोजाल.

*आम्ही पीत नाही. मग यातलं आम्ही काय घ्यावं?*

न पिणं उत्तमच. तीन पेले चहाचे करा. रोनाल्ड फिशर यांच्या १९३५च्या पुस्तकात हा प्रयोग आहेच. कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या बाईंना आठ कप द्यायचे, असा तो. किंवा एकाच दुधाला एकच विरजण लावून दोन भांडी ठेवा, एक ओट्यावर, एक गरम डब्यात गुंडाळून. सकाळी डोळे मिटून तीन वाट्या चाखा. वेगळी कोणती ते आधी सांगा, कशामुळे ते मग सांगा. कुठलं आवडलं, हे सगळ्यात शेवटी.